नर्सरीतली 'कमी पाण्याची' फुलझुडपं: मुंबईच्या अंगणात कोणती टिकतात, कोणती नाही

मुंबईतल्या बऱ्याच नर्सऱ्यांत हल्ली 'कमी पाण्याची झाडं' अशी एक वेगळी रांग असते. बोगनवेल, टेकोमा, कण्हेर, निळा चित्रक, रुपेरी पानांचं ल्युकोफायलम, सगळी शेजारी-शेजारी. कुठल्याही झाडाबद्दल विचारलं तरी उत्तर एकच मिळतं: "बिनधास्त न्या, पाणी नाही घातलं तरी चालेल." यातलं निम्मं खरं आहे. सोसायटीच्या कुंपणालगत लावलेलं असं झुडूप मेलंच, तर ते सहसा मे महिन्यात मरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मरतं, आणि तेही मुळं कुजून.

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी असते. त्यामुळे इथलं झुडूप दोन परीक्षांना बसतं. शिवाय इथला कोरडेपणा मातीचा आहे, हवेचा नाही. सोलापूर-नाशिककडे उन्हाळ्यात हवाही सुकते आणि पानं भराभर पाणी टाकतात. मुंबईत भर मे महिन्यात हवा दमट असते, म्हणून तेच झाड इथे कमी पाण्यावर भागवतं. मात्र भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) यांचा त्रास त्याला इथे जास्त होतो. देशावरच्या बागेचं वेळापत्रक उचलून इथे लावलं की गडबड होते ती यामुळे.

आता एकेका झाडाचं. इथे विचार केला आहे तो साधारण तीन ते आठ फुटांत राहणाऱ्या, फुलांसाठी लावायच्या झुडपांचाच.

सर्वांत आधी ल्युकोफायलम, कारण सगळ्यात जास्त निराशा त्याच्याकडूनच होते. रुपेरी मखमली पानं, जांभळी फुलं, नर्सरीत नजर तिथेच जाते. हे झाड टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या रखरखीत, चुनखडीच्या जमिनीतलं. कोरड्या दिवसांत गप्प बसायचं आणि पाऊस पडला, हवा ओलावली की फुलायचं, हा त्याचा स्वभाव. मुंबईत पहिल्या सरींनंतर ते फुलतंही छान. पण पुढे सलग दोन-तीन आठवडे मुळाशी ओल राहिली की खालची पानं काळवंडून गळतात, बुंध्याची साल मऊ पडते आणि मग काहीही केलं तरी उपयोग नसतो. जमिनीत लावायला हे घेऊच नये. हौसच असेल तर चौदा इंची मातीच्या कुंडीत, निम्मी बारीक खडी घातलेल्या मिश्रणात लावावं आणि पावसाळाभर ऊन मिळेल पण पाऊस लागणार नाही अशा छपराच्या कडेला ठेवावं. एवढी जागा आणि एवढा उत्साह नसेल तर पैसे वाचवा.

बोगनवेलीला मात्र दोन्ही परीक्षांत चांगले गुण. समुद्राचा खारा वारा, पेव्हर ब्लॉकची धग, डांबराची उष्णता, सगळं ती सोसते. तिला वेल समजून मांडवावर सोडायची गरज नाही. छाटत राहिलं तर पाच-सहा फुटांचं डेरेदार झुडूप होतं. वाण निवडताना रंगाइतकाच वाढीचा जोर बघावा. 'मेरी पामर'मध्ये एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं येतात आणि जागा असेल तर ती फार देखणी दिसते, पण जोरात वाढते. 'महारा'सारखे दुहेरी वाण दिसतात भरगच्च, पण त्यांचे वाळलेले गुच्छ आपणहून गळत नाहीत. पावसाळ्यात ते फांदीवरच ओले होऊन कुजतात आणि हाताने काढत बसावं लागतं. कुंपणासाठी साधा, एकेरी वाणच बरा.

बोगनवेल फुलत नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येक सोसायटीत ऐकू येते. तीन कारणं असतात आणि तिन्ही बहुधा एकत्र असतात. ऊन पाच-सहा तासांपेक्षा कमी पडतं. माळी महिन्याच्या महिन्याला युरिया टाकतो, मग नुसती पानं आणि लांबलचक काटेरी शेंडे. आणि रोज पाणी. नोव्हेंबरपासून पाणी तोडावं, कोवळी पानं किंचित मलूल दिसली की एकदा भरपूर घालावं, पुन्हा थांबावं. तीन-चार आठवड्यांत फरक दिसू लागतो. कडक छाटणी मेअखेर, हलकी सप्टेंबरच्या शेवटी. मध्ये दर बहरानंतर शेंड्याकडचे सहा-आठ इंच काढले तरी पुरे, कारण फूल नव्या फुटव्यावरच येतं.

कण्हेर टिकाऊपणात बोगनवेलीच्या बरोबरीची, वरळी-वर्सोव्याच्या किनाऱ्यालगत तर तिच्याहून सरस. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे: पान, फूल, चीक, वाळलेली काडीसुद्धा. मुलांच्या खेळायच्या जागेजवळ ती नकोच. छाटताना हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या फांद्या शेकोटीत किंवा होळीत टाकू नयेत, धूरही त्रासदायक असतो. पानं कुरतडलेली दिसली तर लगेच फवारणी करू नका. हबशी फुलपाखराच्या अळ्या असतील तर नुकसान थोडंच होतं आणि झाड पुन्हा फुटतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड. ते उंच वाढतं आणि त्याच्या बिया फारच घातक. ते घेऊ नये.

टेकोमाच्या बाबतीत खरेदीतच चूक होते. टेकोमा स्टान्स नावाचं, दातेरी संयुक्त पानांचं झाड बारा-पंधरा फुटांपर्यंत जातं, शेंगा धरतं आणि वाऱ्यावर बी पसरवत राहतं. 'टेकोमा गौडीचौडी' म्हणून विकलं जाणारं, साध्या पानांचं झुडूप आटोपशीर राहतं आणि जवळजवळ वर्षभर पिवळं फुलतं. दोन्ही 'पिवळा टेकोमा' या एकाच नावाने मिळतात, तेव्हा पान बघून घ्या.

शंकासूर विकत घेण्याचं कारणच नाही. वाळलेल्या शेंगेतलं बी टणक असतं. एका टोकाला सालीवर जरासं खरवडून रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की सहज रुजतं आणि भरपूर उन्हात पहिल्याच वर्षी फुलायला लागतं. लाल-केशरी आणि पिवळं, दोन्ही रंग छान. दोष एकच, खालून उघडं-बोडकं होतं. फेब्रुवारीत जमिनीपासून दीड फुटावर छाटलं की पुन्हा भरतं.

निळा चित्रक थोडी सावलीही चालवून घेतो. बाकी उन्हाळी झुडपांत न मिळणारा फिकट निळा रंग इथे मिळतो आणि झेब्रा ब्लू या छोट्या फुलपाखराला अंडी घालायला जागा मिळते. फुलांचे देठ चिकट असतात. येण्या-जाण्याच्या वाटेवर लावला तर कपड्यांना चिकटतात. फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटणी केली की उन्हाळ्यात बहर येतो. तगरीला, त्यातही एकेरी तगरीला, पहिली दोन वर्षं पाणी लागतं, नंतर ती निमूट उभी राहते. अर्ध्या उन्हात फुलणारं आणि पावसात न कुजणारं पांढरं फूल हवं असेल तर तीच.

न घेण्याच्या यादीत जास्वंदीचं नाव टाकताना हात आखडतो, कारण देवाला रोज फूल हवंच असतं. पण कमी पाण्यावर तिच्या कळ्या गळतात आणि उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण हमखास येतो. नळाजवळ एखादी ठेवावी, रांग लावू नये. पेंटगुलाची, म्हणजे इक्झोराची, अडचण वेगळी. त्याला आंबूस माती लागते आणि सोसायटीच्या अंगणात माती कमी, प्लास्टर-विटांचा राडारोडा जास्त. त्यात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी. वर्षभरात कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नर्सरीवाला खत विकतो. पण भूक खताची नसते, मातीतल्या चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नसतं. कुंती मधोमध बसते: कोरडी ठेवून एकदम पाणी दिलं की सुगंधी फुलांनी भरून जाते, पण एप्रिल-मेमध्ये तिला विसरून चालत नाही. घाणेरी, म्हणजे रंगीत लँटाना, फुलपाखरांच्या नावाखाली विकली जाते. बुलबुल तिची फळं खाऊन बी रानात नेतात आणि रानातला तिचा उच्छाद सर्वांना माहीत आहे. नकोच.

खरं कौतुक करावं अशी दोन झाडं मात्र या रांगेत क्वचितच दिसतात. धायटी आणि काटेकोरांटी. दोन्ही इथलीच, म्हणजे सह्याद्रीचा पाऊस आणि त्यानंतरचा कोरडा काळ, दोन्ही त्यांच्या अंगवळणी पडलेलं. धायटी जानेवारी ते एप्रिल, बाकी सगळं रखरखीत असताना, फांदीभर लाल नळीदार फुलं धरते आणि त्यावर शिंजीर पक्ष्यांची दिवसभर ये-जा असते. फांद्या कमानीसारख्या झुकतात, म्हणून सहा फूट मोकळी जागा हवी. छाटून तिची पेटी करायला जाऊ नये. काटेकोरांटीचं पिवळं फूल पावसाळा संपता-संपता सुरू होतं, उंची चार फुटांच्या आत राहते आणि जूनमध्ये खोचलेली फांदी सहज जगते. काट्यांमुळे कुंपणाचं कामही होतं. नेहमीच्या नर्सरीत धायटी मागितली तर "तिला कोण घेतं?" असं ऐकावं लागतं. देशी झाडांच्या रोपवाटिकेत विचारावं, धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या रोपवाटिकेतही चौकशी करावी. पूर्ण वाढलेली झुडपं कशी दिसतात ते बघायचं असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक फेरी मारा. पिशवीतल्या दीड फुटी रोपावरून पाच वर्षांनंतरचा पसारा कळत नाही.

खरेदीच्या वेळी फुलं मोजू नका, पिशवी उचला. तळातून जाड मुळं बाहेर आली असतील, तर आत मुळांचा गुंता वर्तुळात फिरलेला असतो. असं झाड लावल्यावरही मुळं पिशवीच्या आकारातच फिरत राहतात आणि पहिल्या वादळात ते उपटून येतं. मुंबईत येणारी बरीच रोपं उरुळी कांचनकडून किंवा आंध्रातल्या कडियमहून येतात आणि अनेकदा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. हा गोळा वाळला की विटेसारखा होतो, वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जातं आणि ओल्या आळ्यातलं झाड तहानेनं मरतं. लावण्यापूर्वी गोळा अर्धा तास पाण्यात ठेवावा आणि बाहेरची एक-दीड इंच माती बोटांनी मोकळी करावी. फुलांनी लगडलेल्या मोठ्या रोपापेक्षा आठ-दहा इंची पिशवीतलं, तीन-चार बुंधे फुटलेलं रोप घ्यावं. दोन वर्षांत दोन्ही सारखीच होतात. शेडनेटखालचं रोप थेट उन्हात नेऊ नये, आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्यावं.

लावण्याआधी दीड फुटाचा खड्डा खणून दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला निदान इंचभर उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर तिथे खोल खड्डा म्हणजे पावसाळ्यातली विहीरच. त्यापेक्षा आठ-दहा इंच उंच वाफा करून लावावं. मिश्रण साधं: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक खडी किंवा जाड वाळू, झाडामागे मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. बुंधा पिशवीत जेवढा उघडा होता तेवढाच उघडा राहावा. दोन झुडपांत चार ते पाच फूट, भिंतीपासून तीन फूट अंतर. धायटी, काटेकोरांटी, तगर जूनच्या पहिल्या सरींनंतर. बोगनवेल, कण्हेर, टेकोमा सप्टेंबरअखेर, जोर ओसरल्यावर.

पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून दोनदा आठ-दहा लिटर, मार्च ते मे दिवसाआड. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा पंधरा-वीस लिटर. तिसऱ्यापासून उन्हाळ्यात पंधरवड्याला एकदा. बोगनवेल, कण्हेर आणि धायटीला त्याहून कमी. रोज थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, मुळं वरच राहतात आणि माळी गावाला गेला की झाड मान टाकतं. पाचोळ्याचा तीन इंची थर घालावा, बुंध्यापासून चार बोटं लांब. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली द्रव साबण, संध्याकाळी, दर आठ दिवसांनी तीनदा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा बंदोबस्त आधी, कारण त्याच हा किडा पसरवतात.

नर्सरीची वार्षिक देखभाल घेणार असाल तर करारात खताच्या फेऱ्यांपेक्षा एक गोष्ट लिहून घ्यावी. बहुतेक माळी बारा महिने बुंध्याभोवती खोलगट आळं ठेवतात, दिसायला नीटनेटकं दिसतं म्हणून. ऑक्टोबरात आळं हवंच, तेही बुंध्याला खेटून नाही, फांद्यांच्या टोकांखाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र ते मोडून बुंध्याशी मातीचा उतार करायचा आणि पाणी गटाराकडे काढून द्यायचं. या कामाला एका झाडामागे पाच मिनिटं लागतात. माळी तयार नसेल तर फावडं आणून स्वतःच करावं, करार पुढच्या वर्षी दुसऱ्याला द्यावा.