औशातील जुन्या घराला नवी ढेळज: एका ठेक्याचा अनुभव आणि हिशेब

लातूर जिल्ह्यातल्या औशातील आमचे घर दगड-मातीचे आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर वडिलांनी त्यावरचे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, उतरवून पत्रे घातले, परंतु दीड हात रुंदीच्या भिंती तशाच राहिल्या. या घराला ढेळज, म्हणजे मुख्य दारापुढची छोटी प्रवेशाची खोली, कधीच नव्हती. दार उघडले की माणूस थेट बैठकीत येत असे, आणि त्याच्याबरोबर उन्हाळ्यातली धूळ, पावसाळ्यातला चिखल आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाची नजरही आत येत असे. आईला आता चपला काढताना बसावे लागते. त्यासाठी उंबऱ्याशी सावलीची जागा हवी होती. म्हणून डिसेंबर 2024 मध्ये आम्ही दारापुढे 10 फूट बाय 8 फुटांची बंदिस्त ढेळज बांधून घेतली. ते काम करणाऱ्या स्थानिक ठेकेदारांच्या सेवेविषयी आणि प्रत्यक्ष झालेल्या खर्चाविषयी येथे लिहीत आहे. काही तक्रारीही असल्यामुळे त्यांचे नाव देत नाही.

दर साहित्यासह चौरस फुटाला 1,800 रुपये ठरला, म्हणजे 80 चौरस फुटांचे 1,44,000 रुपये. शेवटी खर्च झाला 2,51,500 रुपये, म्हणजे मूळ आकड्याच्या पावणेदोन पट. यात ठेकेदारांनी फसवले असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक जादा रक्कम त्यांनी आधी सांगितली होती. चूक दर ठरवण्याच्या पद्धतीत होती आणि ती आम्हा दोघांची होती. चौरस फुटाचा दर संपूर्ण घर बांधताना चालतो. 40 फूट बाय 20 फुटांच्या घराला 800 चौरस फुटांसाठी 120 फूट लांबीची बाहेरची भिंत लागते. आमच्या ढेळजेची एक बाजू जुन्या घराची असूनही उरलेल्या तीन बाजूंची भिंत 26 फूट भरते. दर चौरस फुटामागे हिशेब केला तर लहान कामाला भिंत दुपटीहून अधिक लागते, आणि भिंतीबरोबर गिलावा, रंग व मजुरीही वाढते. शिवाय सेंट्रिंगच्या (ओल्या स्लॅबला खालून आधार देणाऱ्या साच्याच्या) प्लेटा आणणे-नेणे किंवा मिक्सर मागवणे यांचे भाडे काम लहान आहे म्हणून कमी होत नाही. त्यामुळे ढेळज, पडवी किंवा न्हाणीघर यांसारख्या कामाचे दरपत्रक बाबवार मागावे. खोदाई वेगळी, सळई किलोवर, गिलावा चौरस फुटावर आणि दार नगावर धरावे.

सर्वांत मोठी वाढ पायाच्या कामात झाली. दरपत्रकात साडेतीन फूट खोली धरली होती, परंतु काळी माती संपून मुरूम लागायला सहा फूट खाली जावे लागले. आपल्याकडची ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभा केलेला खांब वर्षातून दोनदा हलणार, हे गावातला प्रत्येक गवंडी जाणतो, तरीही दर देताना खोली कमीच धरली जाते. चार खांबांची जादा खोदाई, काँक्रीट आणि सळई यांचे 27,500 रुपये झाले. ही रक्कम देताना मला जराही वाईट वाटले नाही. ठेका देण्यापूर्वी मजुरी देऊन एक खड्डा खणून पाहिला असता, तर ती आधीच कळली असती, एवढेच.

नव्या-जुन्याच्या सांध्यावर मात्र मतभेद झाला. ठेकेदारांचा बेत जुन्या भिंतीत खाचा घेऊन स्लॅबची एक बाजू तिच्यावर टेकवण्याचा होता. त्यामुळे दोन खांब वाचले असते आणि पैसेही. आराखडा काढणाऱ्या अभियंत्यांनी ते ठाम नाकारले. अशा भिंतीत दोन्ही दर्शनी बाजूंना मोठे दगड आणि मधे चिपा व माती असते. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसतोच. आमचा पाच इंची स्लॅबच सव्वादोन टनांहून जड आहे. तो भार एका बाजूच्या दगडांवर आला, तर भिंत मधून उकलते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे औसा आणि उमरगा तालुक्यांत घरे कोसळली, तेव्हा याच प्रकारच्या भिंती दुभंगल्या आणि वरच्या माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. आमच्या तालुक्यात हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. अखेर ढेळज स्वतःच्या चार खांबांवर उभी राहिली आणि जुन्या भिंतीपासून एक इंच अंतर ठेवून त्यात थर्माकोल भरले. नवे बांधकाम खचले किंवा हलले, तरी ते जुन्याला ओढणार नाही. ठेकेदारांनी नाराजीने का होईना, हे काम नीट केले आणि ओळंब्यात कोठेही खोट ठेवली नाही.

स्लॅबच्या बाबतीत मात्र पहारा द्यावा लागला. पाचव्या दिवशी सकाळी सातला दोन मजूर टेकू काढायला आले, कारण प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या होत्या. आयएस 456 या भारतीय मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान सात दिवस ठेवायचे असतात. मी दारात उभा राहून त्यांना परत पाठवले आणि फोनवर थोडी बाचाबाची झाली. दहाव्या दिवशी टेकू निघाले. स्लॅबवर वाफे करून चौदा दिवस पाणी तुंबवले, कारण आमचे सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, होते आणि त्याला किमान दहा दिवस ओल लागते. ज्या लातूर जिल्ह्याला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे काम उन्हाळ्यात काढू नये, हे आवर्जून सांगतो. मार्गशीर्षात विहिरीला पाणी होते, म्हणून निभावले.

जुने सागवानी दार नव्या ढेळजेच्या तोंडाशी हलवायचे होते, आणि संपूर्ण कामात मला सर्वाधिक समाधान सुताराच्या हाताने मिळाले. चौकट काढली तेव्हा डाव्या खांबाचे बूड हाताने दाबताच भुगा झाले. सुतारांनी पटाशीने खालून वर टोचत नेले आणि टणक लाकूड लागले तेथे पेन्सिलीने रेघ ओढून म्हणाले, "लाकूड चांगलं हाय दादा, खालचं सहा इंचच वाळवीनं खाल्लंय." तेवढाच भाग कापून नव्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, बुडाला डांबर लावले आणि चौकट मातीत न पुरता दगडी उंबऱ्यावर उभी केली. पितळी कड्या चिंचेने घासून पुन्हा बसवल्या. पॉलिशसह याचे 14,000 रुपये झाले. अशा रुंदीचे आणि जाडीचे नवे सागवानी दार या रकमेत येत नाही.

उरलेला हिशेब असा आहे. बैठकीच्या तोंडाशी जाळीचे नवे दार 18,500, पायऱ्या व त्यांवरचा काळा ग्रॅनाईट 16,200, सांध्याचे व स्लॅबचे जलरोधक काम 9,000, वीजजोडणी 7,800, रंग 6,500 आणि आराखडा व परवानगीची कागदपत्रे यांसाठी अभियंत्यांचे 8,000. ढेळज बंदिस्त असल्याने ती बांधकामच ठरते आणि पुढच्या मोकळ्या जागेचा नियम तिला लागतो, म्हणून नगरपरिषदेची परवानगी आधी घेतली. आज काम काढणाऱ्याला सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याचा लाभ मिळेल. आम्हाला तो मिळाला नाही. ग्रॅनाईटचा खर्च मात्र मी पुन्हा करणार नाही. पावसात ती पायरी निसरडी होते आणि आईसाठी तिच्यावर खरखरीत पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. टाकी मारून खरखरीत केलेली शहाबादी फरशी स्वस्तातही पडली असती आणि पायालाही बरी होती.

एक दोष पहिल्याच पावसात उघड झाला. सांध्याच्या वरच्या तोंडावर जस्ती पत्र्याची पट्टी घालायचे ठरले होते, ते टाळून तेथे सिमेंटचा माल भरला होता. उन्हाळ्यात तो तडकला आणि जूनमध्ये भिंतीवरून उतरणारे पाणी थेट बैठकीच्या चौकटीवर आले. ठेकेदार फोन केल्यावर अकराव्या दिवशी आले. त्यांनी माल खरवडून काढला, जुन्या भिंतीत खाच घेऊन पट्टी बसवली आणि तिची दुसरी कड स्लॅबवर मोकळी सोडली, म्हणजे दोन्ही बाजू हलल्या तरी पट्टी फाटणार नाही. याचे जादा पैसे त्यांनी मागितले नाहीत. एक पावसाळा पाहून देण्याच्या बोलीवर आम्ही एकूण रकमेतले 10,000 रुपये राखून ठेवले होते, हेही त्याला कारण असावे.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा मी रोज रात्री बॅटरी घेऊन तो सांधा पाहत होतो. थेंबही आला नाही. पाऊस उघडल्यावर ठेकेदारांना घरी बोलावून राहिलेले दहा हजार दिले, आणि शेजारच्या घराच्या ढेळजेचे दरपत्रक त्यांनी आता बाबवार लिहून दिले आहे.