रेझिन मुरवलेल्या लाकडाची कोंबोलोई

ग्रीसमधली कोंबोलोई ही जपमाळ नव्हे, हाताला चाळा म्हणून फिरवायची माळ. मणी विषम संख्येत आणि दोरा मुद्दाम ढिला, कारण मणी सरकून एकमेकांवर आपटायला हवेत. म्हणून मटेरियल जोखायचं ते वजनावर आणि आवाजावर. साधं हलकं लाकूड दोन्हीत कमी पडतं. १४ मिमीच्या २३ मण्यांची कच्च्या मेपलची माळ जेमतेम १७-१८ ग्रॅम भरते आणि आवाज बसका येतो. तेच बुरशीने रेघा उमटलेलं मऊ मेपल असेल आणि त्यात रेझिन (तापवल्यावर कडक होणारा पातळ द्रव) नीट मुरलेलं असेल, तर ३५ ग्रॅमच्या आसपास जातं; म्हणजे जवळपास अंबरइतकं. टकटक खणखणीत होते, घामाने डाग पडत नाहीत आणि वर लाखेचा थर लागत नाही. २००० नंबरच्या पॉलिशपेपरनंतर बफ मारला की पुरे.

पण हे सगळं ‘नीट मुरलेलं’ या दोन शब्दांवर अवलंबून आहे. लाकूड आधी १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवावं लागतं. मग ते रेझिनमध्ये बुडवून व्हॅक्यूम पंपाने आतली हवा ओढतात. ओल राहिली तर व्हॅक्यूममध्ये फेस थांबता थांबत नाही आणि आतलं रेझिन कच्चं राहतं. दुसरी चूक घाईची. व्हॅक्यूम फक्त हवा काढतो. रेझिन आत शिरतं ते व्हॅक्यूम सोडल्यावर. तेव्हा जितका वेळ पंप चालला, त्याच्या किमान दुप्पट वेळ ठोकळा रेझिनमध्ये बुडालेला राहिला पाहिजे. मग फॉइलमध्ये गुंडाळून सुमारे ९३ अंशांवर भाजायचा, गाभा तापेपर्यंत.

ऑलिव्ह, शिसव, सागवान यांवर हा खर्च करूच नये. पहिली दोन घट्ट आहेत, सागवान तेलकट. रेझिन वरवरच बसतं. ‘स्टॅबिलाइज्ड’ (म्हणजे रेझिन मुरवलेलं) ऑलिव्ह म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा, कारण ऑलिव्ह तसंच चांगलं वाजतं.

हलक्या लाकडाचा सुटा मणी पाण्यात टाकून पाहावा. तरंगला तर गाभ्यात रेझिन पोचलेलं नाही. भोकाला नाक लावावं. उग्र वास येत असेल तर रेझिन पूर्ण पिकलेलं नाही. आणि भोकाची कड नखाने तपासावी: मुरलेलं लाकूड कडक असल्याने ड्रिलची धार तशीच राहते, ती घासून गोल केली नसेल तर रेशमी दोरा तिथेच तुटतो.