इलेक्ट्रॉन न्यूक्लियसमध्ये का पडत नाही: बोरचं उत्तर घ्यायचं की श्रोडिंगरचं?

रदरफोर्डने 1911 मध्ये अणूच्या मधोमध न्यूक्लियस असतो हे मांडलं आणि पंचाईतच झाली, कारण जुन्या नियमांप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश बाहेर टाकणार, एनर्जी गमावणार आणि सेकंदाच्या साधारण शंभर अब्जाव्या भागात आत कोसळणार.

भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर 1913 मध्ये म्हणाला, इलेक्ट्रॉनला ठराविक कक्षाच चालतात, हायड्रोजनची सगळ्यात आतली 0.053 नॅनोमीटरवर, त्याच्या आत जागाच नाही. हायड्रोजनच्या स्पेक्ट्रमच्या रेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशातले ठराविक रंग, यातून मस्त जुळतात. पण असं का? तर नियम आहे म्हणून. आणि हीलियम घेतला की गणित फसतं.

1926 चं श्रोडिंगरचं उत्तर मला खरंच सुंदर वाटतं. इलेक्ट्रॉनला तो लाट मानतो आणि लाट जितक्या छोट्या जागेत कोंबाल तितकी तिची कायनेटिक (हालचालीची) एनर्जी वाढते, म्हणजे अंतर निम्मं केलं तर आकर्षणाची एनर्जी दुप्पट खोल जाते पण कायनेटिक चौपट होते, त्यामुळे एका ठिकाणी बेरीज सगळ्यात कमी येते आणि तिथून आत जायला उलट एनर्जी लागते. ते अंतर बोरचंच निघतं! कक्षा मात्र गायब.

शाळेत बोर शिकवा, हरकत नाही, पण "का" विचारलं तर श्रोडिंगरकडेच जावं लागतं. त्याच्या हिशोबात इलेक्ट्रॉन न्यूक्लियसच्या आत सापडायची थोडी शक्यताही असते, आणि पोटॅशियम-40 मध्ये कधीकधी प्रोटॉन त्याला खरंच गिळतो, न्यूट्रॉन बनतो. हायड्रोजनमध्ये नाही, तिथे न्यूट्रॉन बनवायला एनर्जीच पुरत नाही.