एक पावसाळा काढलेली कव्हरं: ब्लू-रे आणि डीव्हीडीसाठी ठाण्यात केलेल्या छपाईचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डिस्कच्या डब्यांसाठी नव्याने छापलेली एकूण ४० कव्हरं, २६ ब्लू-रेची आणि १४ डीव्हीडीची, एप्रिलपासून कपाटात आहेत. डीव्हीडी बहुतेक जुन्या मराठी चित्रपटांच्या. डिस्क ठणठणीत, पण मूळ कव्हर फाटलेलं किंवा विटलेलं. छपाई तीन प्रकारे झाली: काही घरच्या इंकजेटवर ग्लॉसी फोटो पेपरवर, काही ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ए-४ लेझरवर, आणि उरलेली वागळे इस्टेटमधल्या एका डिजिटल प्रेसमध्ये मोठ्या शीटवर. विक्रीचा प्रश्न नाही, सगळी आपापल्या डिस्कपुरती. आता लिहायचं कारण म्हणजे मध्ये पूर्ण पावसाळा गेला. छापून आल्या दिवशी तिन्ही प्रकारची कव्हरं सारखीच देखणी दिसत होती.

सगळ्यात आधी नापास झाला ग्लॉसी फोटो पेपर. या कागदाला वरून शाई धरणारा चकचकीत थर असतो आणि डबीची बाहेरची पारदर्शक फिल्म प्लास्टिकची. जुलैतल्या दमट हवेत हे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटले आणि कव्हरवर तेलाचा डाग पडल्यासारखे ओलसर चट्टे दिसू लागले. कव्हर ओढून काढलं की चट्ट्याच्या जागी चकाकी जाते, काही ठिकाणी शाईही फिल्मवर राहते. इंकजेटवरच छापायचं असेल तर इंकजेटसाठी लेप दिलेला मॅट कागद घ्या, १२० ते १३० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम). आणि प्रेसवाल्याकडचा आर्ट पेपर, म्हणजे प्रेससाठी लेप दिलेला गुळगुळीत कागद, घरच्या इंकजेटमध्ये मुळीच घालू नका. तो शाई पीत नाही, दुसऱ्या दिवशीही बोटाला रंग लागतो. साध्या डाय शाईची (रंग पाण्यात विरघळवलेल्या शाईची) कव्हरं पश्चिमेच्या खिडकीसमोर होती, त्यांतला गुलाबी रंग ऑक्टोबरपर्यंत स्पष्ट उतरला. लेझरच्या टोनरचा रंग मात्र जिथल्या तिथे आहे.

मॅट लॅमिनेशनचाही मोह होतो. करू नका. एका बाजूला फिल्म चढली की त्या बाजूने कागद हवेतला ओलावा घेत नाही, मागची बाजू मात्र घेते आणि फुगते. कव्हर फिल्मच्या बाजूला वळतं आणि डबीत सपाट बसायचं नाव घेत नाही. डबीची फिल्म हेच खरं लॅमिनेशन, तेवढं पुरे.

आता घडीबद्दल. सगळ्यात जास्त कव्हरं इथेच वाया जातात आणि दोष उगाच मशीनला दिला जातो. लेझरचा टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. घडी घातली की तो तडकतो आणि कण्याच्या, म्हणजे डबीच्या पाठीवरच्या अरुंद पट्टीच्या, दोन्ही कडांना पांढरी रेघ उमटते. गडद कव्हरावर ती हातभर लांबूनही दिसते. याचं मूळ कागदाच्या ग्रेनमध्ये आहे. कागदाचे तंतू एका दिशेने झोपलेले असतात. घडी त्यांना समांतर असेल तर सरळ बसते, आडवी गेली तर तंतू मोडतात आणि टोनरला घेऊन वर येतात. बाजारातल्या ए-४ कागदाचा ग्रेन बहुधा लांब बाजूने, म्हणजे २९७ मिमीच्या दिशेने जातो. कव्हर त्यावर आडवं छापावं लागतं, म्हणजे कण्याची घडी ग्रेनला बरोबर काटकोनात येते. १७० जीएसएमवरची ए-४ कव्हरं एकूण एक तडकली, ती याच कारणाने.

यावर उपाय १३ × १९ इंची शीट, पण लाँग ग्रेन (तंतू लांब बाजूने) आहे ना ते विचारून. खात्री करायची असेल तर कागदाची एक पट्टी लांबीत फाडा आणि एक रुंदीत. जी सरळ फाटते ती ग्रेनची दिशा. कव्हरं शीटवर उभी लावा. ब्लीड, म्हणजे कापणीसाठी चारी बाजूंना ठेवलेला ३ मिमी जादा भाग, धरून ब्लू-रेचं एक कव्हर २७६ × १५५ मिमी होतं. अशी तीन शेजारी शेजारी ४६५ मिमीत मावतात आणि शीट ४८३ मिमी लांब असते. डीव्हीडीची (ब्लीडसह २७९ × १८९) दोन बसतात. या मांडणीत कणा आपोआप ग्रेनच्या दिशेने येतो. १२ × १८ च्या शीटवर ब्लू-रेची दोनच बसतात, त्यामुळे आधी शीटचं माप विचारा आणि मग फाइल लावा. कागद १३० जीएसएम मॅट आर्ट पेपर, घडीआधी क्रीझ (घडीच्या जागी दाबून काढलेली रेघ) मारून. क्रीझ मशीन नसेल तर रिकामं झालेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी चालते, फक्त रेघ मागच्या बाजूने ओढू नका. छापलेल्या बाजूने हलकी ओढा आणि घडी आतल्या बाजूला वळवा. अशी केलेली कव्हरं आठ महिन्यांनी आजही कडेला स्वच्छ आहेत. ज्या स्वस्त डब्यांमध्ये प्लास्टिक वाचवायला झाकणाला मोठी भोकं ठेवलेली असतात, त्यांत १३० जीएसएमचं कव्हर भोकावर खोलगट बसतं. डबी बदला, कागद जाड करून भागत नाही.

मापं कागदावर लिहूनच प्रेसमध्ये जा. डीव्हीडीचं उघडं कव्हर २७३ × १८३ मिमी, त्यात कणा १४. ब्लू-रेची उंची १४९, दोन्ही बाजू १२९ च्या, पण कणा सगळीकडे एक नाही: अमेरिकी डब्यांचा साधारण १२, युरोपातल्या बऱ्याच डब्यांचा १४. म्हणून नेटवरच्या टेम्प्लेटवर विसंबू नका, डबीतलं मूळ कव्हर काढून पट्टीने मोजा. उंची अर्धा मिमी कमीच कापा, १४८.५. पूर्ण १४९ कापलेलं कव्हर उन्हाळ्यात बसतं आणि पावसाळ्यात कागद फुगला की मध्ये लाट धरतं.

आता ज्यावरून सगळे भांडतात ती दर्शनी बाजू. मूळ पोस्टर हवं की नवं चित्र, हा वाद चित्रपटवेड्यांच्या कोणत्याही बैठकीत तासभर चालतो, पण त्यात आकाराचा विचार क्वचित होतो. हॉलिवूडचं २७ × ४० इंची पोस्टर १२९ मिमी रुंदीवर आणलं की उंची १९१ होते. ब्लू-रेला १४९ च मिळतात. म्हणजे ४२ मिमी, पाचव्या हिश्शाहून जास्त चित्र, कुठून तरी उडवावं लागतं. आपलं ३० × ४० इंची पोस्टर १७२ मिमी होतं, तिथेही २३ मिमी जातात. डीव्हीडीची दर्शनी बाजू पोस्टरच्या बरीच जवळ आहे. ब्लू-रेची चौकोनाकडे झुकते. चेहऱ्यांची दाटी असलेली ब्लू-रे कव्हरं गुदमरल्यासारखी दिसतात ती यामुळे. पोस्टर रुंदीत ओढून बसवणं हा तर चित्रकाराचा अपमान आहे. ब्लू-रेसाठी पोस्टरातला एकच तुकडा निवडा, एक चेहरा किंवा एक हात, आणि पूर्ण पोस्टर कव्हरच्या आतल्या बाजूला छापा. ब्रिटनच्या अ‍ॅरो व्हिडिओ या डिस्क प्रकाशकाने हाच मार्ग रूढ केला: एका बाजूला नवं चित्र, उलटलं की मूळ पोस्टर. जर्मनीत २००८ पासून वयोगटाचा शिक्का दर्शनी बाजूला किमान १,२०० चौरस मिमी असावा लागतो. तिथले प्रकाशकही उलट्या बाजूला बिनशिक्क्याचं कव्हर छापतात. निळ्या डबीत कव्हर उलटल्याशिवाय आतली बाजू दिसत नाही, ती तशीच दिसायला पारदर्शक डबी लागते. आणि दोन्ही बाजूंना छापायचं तर एका बाजूचा गडद भाग दुसरीकडच्या पांढऱ्या भागामागे येऊ देऊ नका, १३० जीएसएममधून सावली दिसते.

पण कपाटात वर्षभर दिसतो तो कणाच, आणि सर्वांत कमी कष्ट त्याच्यावरच घेतले जातात. १२ मिमीतून दोन्हीकडे दीड-दीड मिमी घडीच्या चुकीसाठी सोडले की हातात ९ उरतात. रोमन लिपीला ते भरपूर. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं. एवढं सगळं मावायचं तर अक्षर १७-१८ पॉइंटच्या वर नेऊ नका. कण्याला वेगळा रंग दिला आणि घडी एक मिमी सरकली की दर्शनी बाजूवर पट्टी दिसते. म्हणून रंग मागच्या बाजूला दोन मिमी वळवून न्या, दर्शनी बाजूकडे नको. अक्षरं वरून खाली वाचली जातील अशी ठेवा, डबी आडवी ठेवली की दर्शनी बाजू वर येऊन शीर्षक सुलट वाचता येतं. काळा कणा हवा असेल तर नुसता काळा शंभर टक्के न देता सी ५०, एम ४०, वाय ४०, के १०० (छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे टक्के) द्या, नाहीतर फिल्मखाली तो करडा दिसतो. मात्र मागच्या बाजूची बारीक अक्षरं फक्त के १०० मध्येच ठेवा. चार रंग जरा हलले की अक्षराला रंगीत कड येते. एका मालिकेचे काळे कणे एकाच दिवशी छापून घ्या. महिन्याच्या फरकाने छापलेले दोन काळे शेजारी ठेवले की वेगळे दिसतात.

अक्षरांबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० च्या दशकात कोल्हापुरात आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली, तेव्हापासून मराठी चित्रपटाचं नाव हाताने काढलेल्या अक्षरात येत राहिलं. ते नाव काढून तिथे तयार फॉन्ट बसवला की अर्धं पोस्टर गेलं. जुनं कव्हर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, स्कॅनरमधलं डीस्क्रीन चालू ठेवा म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी येणार नाही, आणि नावापुरता भाग इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून घ्या. नेटवरचं ८०० पिक्सेल रुंदीचं पोस्टर १२९ मिमीवर जेमतेम १५७ डीपीआय भरतं. ३०० साठी १,५२४ पिक्सेल लागतात. मागच्या मजकुराला मुक्त किंवा बलूसारखे मोफत युनिकोड फॉन्ट चांगले, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडा. हिंदी राहिली तर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य रफार होऊन वर चढला नाही ना, तेही पाहा. आणि फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांमध्ये) बदलून पीडीएफ करा. प्रेसच्या संगणकावर उघडल्यावर ‘चित्रपट’ची वेलांटी च च्या पलीकडे गेलेली दोन कव्हरं अशीच फुकट गेली, आणि ती चूक प्रेसची नव्हती.

४० पैकी ११ पुन्हा छापायची आहेत: फोटो पेपरवरची पाच, ए-४ वर तडकलेली चार आणि वेलांटीची दोन. तिन्ही प्रकारच्या कव्हरांची मांडणी आता एकच, ब्लू-रेची तीन-तीन करून लाँग ग्रेन शीटवर लावलेली. यावेळी कटिंगआधी एक शीट साध्या कागदावर काढून, घडी घालून, डबीत सरकवून पाहायची.