मनिलाची प्रेसकॉन: फुकट गेले तरी रिव्ह्यू लिहितेय

तिकीट नव्हतं, खिशातून एक पेसो गेला नाही, पण अख्खा शनिवार गेला म्हणून लिहितेय. मी इथे मनिलात ओर्तिगासला जॉब करते, दोन वर्षं होत आली. ऑफिसात एक सिनियर आहे, तिला सगळे आते म्हणतात (आत्याशी संबंध नाही, तगालोगमध्ये आते म्हणजे ताई), ती फावल्या वेळात एका सिनेमा-सिरियलवाल्या पेजसाठी लिहिते. तिच्यासोबत फोटो काढायला येणारा पोरगा आयत्या वेळी आजारी पडला आणि तिने मला उचललं, म्हणे चल, नव्या सिरियलची प्रेसकॉन, म्हणजे प्रेस कॉन्फरन्स आहे, जेवण असतं. जेवण असतं हे तिने तीनदा सांगितलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आधी लोकेशन. फिलिपिन्सचं सगळं शोबिझ केसोन सिटीत एकवटलंय, मोठ्या दोन्ही चॅनेलांचे स्टुडिओ तिथेच. ओर्तिगासहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तिसरं स्टेशन जीएमए-कामुनिंग, म्हणजे स्टेशनालाच चॅनेलचं नाव. तिथून तिमोग अव्हेन्यूने सरळ चालत गेलं की तोमास मोरातोचं सर्कल लागतं, मधोमध बॉय स्काऊटांचं स्मारक, आजूबाजूच्या गल्ल्यांना पण स्काऊटांचीच नावं. मी आतेला सहज विचारलं हे कोण, तर ती म्हणाली तुमच्याकडेच गेले ते. जुलै १९६३ मध्ये ग्रीसच्या जांबोरीला, म्हणजे स्काऊटांच्या जागतिक मेळाव्याला निघालेलं २४ जणांचं फिलिपिनो स्काऊट पथक, त्यांचं विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळलं, मढच्या बाजूला. मी मालाडची. मढला लहानपणापासून जातेय, तिथल्या बंगल्यांत सिरियलींची शूटिंग बघायला गर्दी केलीय, पण हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटं तिथेच उभी राहिले, मग आते म्हणाली चल उशीर होतोय. उशीर कसला, डोंबल.

बोलावलेलं ११ ला. दारात टेबल, रजिस्टर, कुठल्या पेपरचे म्हणून विचारतात. मी शिकवल्याप्रमाणे कासामा लांग पो म्हणाले, म्हणजे मी नुसती सोबत आलेय, आणि त्या मुलीने हसून माझ्या नावाचं चुकीच्या स्पेलिंगचं स्टिकर छातीवर चिकटवलं. एवढ्यावर आत! आपल्याकडे ट्रेलर लाँचला दारातला बाउन्सर बघतो तसं कोणी बघितलं नाही. स्टाफला पाचपैकी पाच.

आत गेल्यावर वाटलं चुकून कोणाच्या तरी रिसेप्शनला आलो. गोल टेबलं, खुर्च्यांना कापडं, स्टेजवर हिरो-हिरोईनचा वधूवरांसारखा मोठ्ठा फोटो, आणि लोक सरळ बुफेच्या लाइनीत. कॅमेरेवालेसुद्धा स्टँड लावून आधी प्लेटच घेतात. पान्सित म्हणजे नूडल्स, लुम्पियांग शांघाय म्हणजे बोटाएवढे कुरकुरीत रोल आणि आत खिमा, आणि कारे-कारे, जी लांबून अगदी दाण्याच्या आमटीसारखी दिसते, उपासाची आठवण येते, आणि डाव घातला की खालून गाईची शेपटी वर येते. मी भात, लुम्पिया आणि शेवटी लेचे फ्लान दोनदा घेतलं, आपलं खरवस आणि कॅरामल पुडिंग यांच्या मधलं काहीतरी, झकास. शाकाहारी असाल तर घरून खाऊन जा, पान्सितमधल्या भाज्या बघून फसू नका.

स्टार लोक आले दीडला. तोपर्यंत आमच्या टेबलावरच्या साठीतल्या दोन पत्रकार बायकांनी माझी शिकवणी घेतली. पहिला प्रश्न, तू कापुसो की कापामिल्या? म्हणजे जीएमएवाली की एबीएस-सीबीएनवाली. हे घराणं सांगण्यासारखं असतं. २०२० च्या मे महिन्यात एबीएस-सीबीएनचं प्रसारण बंद पडलं, जुलैत संसदेच्या समितीने लायसन नाकारलं, ते सांगताना एकीचा आवाज बदलला. आणि आता बघ म्हणे, २०२४ पासून त्यांचा दुपारचा शो जीएमएवरच लागतो, पूर्वी असं कोणी बोललं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मुख्य कार्यक्रम मात्र फुसका. अँकर गोड बोलतो, प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, प्रत्येक वाक्याला पो लावतात, पो म्हणजे आपलं अहो-जाहो. भाषा अर्धी इंग्लिश अर्धी तगालोग, मला मधेच मुखा ऐकू आलं आणि खरंच अर्थ चेहराच, दिवाता म्हणजे परी, आपली देवता, तेवढ्या दोन शब्दांवर मी अर्धा तास काढला. मग पेटंट प्रश्न, कुमुस्ता आंग पुसो, हृदय कसं आहे? दोघांचं जमलंय का हे विचारायची ती पद्धत. दोघं लाजतात, मासाया पो म्हणजे आनंदात आहे म्हणतात, दारापाशी उभ्या फॅन पोरी किंचाळतात. या लव्हटीमवर, म्हणजे पडद्यावरच्या प्रेमी जोडीवर, इथे धंदा चालतो हो. २०१५ च्या ऑक्टोबरात आल्डेन रिचर्ड्स आणि मेन मेंडोझा या जोडीच्या एका कार्यक्रमासाठी फिलिपिन अरीना भरला होता आणि ४ कोटींच्या वर ट्वीट पडले होते. पुढे २०२३ मध्ये मेनने लग्न दुसऱ्याच अभिनेत्याशी केलं, हे सांगताना माझ्या टेबलावर अजून हळहळ होती.

खरी मजा कार्यक्रम संपल्यावर, तिला इथे अँबुश इंटरव्ह्यू म्हणतात. हिरो स्टेजवरून उतरला की सगळे फोन तोंडासमोर धरून त्याला घेरतात आणि या साठीतल्या बायका, ज्या इतका वेळ फ्लान खात होत्या, पोरांना कोपराने बाजूला करून सगळ्यात पुढे. आनाक, म्हणजे बाळा, अशी हाक मारून जे विचारलं ते ऐकून तो बिचारा खरोखर लाल झाला. हिरोईन टेबलाटेबलावर येऊन प्रत्येकीच्या गालाला गाल लावत होती, त्याला बेसो म्हणतात, ओघात मलाही लावून गेली आणि कानात थँक्यू पो म्हणाली. मी कोण हे तिला माहीत नाही, ती कोण हे मला सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

पत्रकारांना पैशांची पाकिटं देतात का असं विचारणार असाल तर, इथे एन्व्हलपमेंटल जर्नलिझम असा एक शब्दच आहे, पण मला पाकीट दिसलं नाही. निघताना पिशवी मिळाली, छत्री आणि हिरोचा चेहरा छापलेला हातपंखा. एसी एवढा होता की पंख्याची गरज बाहेर पडल्यावरच लागली, छत्रीची त्याच्यापुढे दहा मिनिटांनी.

जेवण चार, स्टाफ पाच, वेळ पाळणे शून्य, प्रश्नोत्तरं एक, अँबुश पाच. आतेने पुढच्या प्रेसकॉनचं पण विचारलंय. हो म्हटलंय, पण ११ म्हणजे मी साडेबाराला येईन असं आधीच सांगून ठेवलंय.