जुन्या गाडीचा कॅटकॉन गेलाय: कंपनीचा टाकावा की लोकल?

भावाची बीएस४ पेट्रोल गाडी, चेक इंजिन लाइट आणि स्कॅनरवर पी०४२०, म्हणजे कॅटकॉन (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नीट काम करत नाही असा कोड, आता तो विचारतोय की ओरिजिनल घेऊ की बाहेरचा. आधी खरंच कॅटकॉनच गेलाय का ते बघ रे बाबा. एक्झॉस्ट कुठे लीक असेल किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर दमला असेल तरी हाच कोड येतो. मिसफायर होत असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल तर ते पहिलं दुरुस्त कर, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन त्याच्या आतली जाळी वितळवतं, मग नवीन कितीही भारी टाक, तोही जाणार.

किमतीत लोकलवाला सरळ जिंकतो, फरक बराच मोठा असतो. पण महाग असतं ते आतलं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, आणि स्वस्त मालात तेच कमी भरलेलं असतं. त्यामुळे टिकण्यात ओरिजिनल पुढे, लोकलवर तोच कोड परत यायची शक्यता जास्त. फिटिंगलाही ओरिजिनल बोल्ट टू बोल्ट बसतो, लोकलला बऱ्याचदा कापून वेल्डिंग करावं लागतं.

काही मेकॅनिक जाळी फोडून रिकामा डबा लावून देतात, तसलं काही करू नकोस, पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्क्याच्या आत येणं अवघडच.

गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल, पंधरा वर्षांनंतरचं री-रजिस्ट्रेशन करायचं असेल तर ओरिजिनल घे. वर्षभरात विकायची असेल, रनिंग कमी असेल तर चांगल्या दुकानातला वॉरंटीवाला लोकल चालेल.