जागेवरची सायकल, चालू हप्ते

कऱ्हाडच्या एका मैत्रिणीनं परवा जाहिरात पाठवली. इनडोअर ग्रुप सायकलिंग, पहिल्या सभासदांना निम्मी फी. नाव नवं आहे, पण फोटोत निळ्या दिव्यांखाली पेडल मारणारी पाठमोरी बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. हॉल साताऱ्यातला, गेल्या पावसाळ्यातला. तो कधीच बंद झाला, आमच्या दोघींच्या खात्यांतून पैसे मात्र जातायत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साताऱ्यात पावसाळ्यात अशा क्लासला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. यवतेश्वरचा घाट धुक्यात, रस्ते निसरडे, हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी मंडळी घरात अडकलेली. शिवाय आमच्यासारख्या गुडघे कुरकुरणाऱ्या बायका, ज्यांना धावणं नको पण घाम हवा.

सुरुवातीचा क्लास खरंच चांगला होता. शिकवणारा पोरगा जाणकार. सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला, पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला, हे तो प्रत्येकीजवळ येऊन तपासायचा. या सायकलींचं जड चाक बहुतेक वेळा पेडलला पक्कं जोडलेलं असतं. रस्त्यावरच्या सायकलसारखं मध्येच पाय थांबवून चालत नाही, चाक पायांना ओढतच राहतं. थांबायचं तर रेझिस्टन्सचा नॉब खाली दाबायचा, तोच ब्रेक. पहिल्याच दिवशी जोर दाखवू नका, हेही तो बजावायचा. नवख्या माणसानं अति केलं तर स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडावर बेतू शकतं. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर थेट दवाखाना गाठायचा. इतकं नीट सांगणारा माणूस समोर असताना जागेबद्दल शंका कुणाला येणार?

पैशांचं बोलणं त्याच्याकडे नव्हतंच. ते बाहेरच्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे, क्लास सुटल्यावर, आम्ही घाम पुसत असताना.

“ताई, वर्षाचे एकदम कशाला भरता? महिन्याला हप्ता, बिनव्याजी. मोबाईल द्या, मी करून देतो.”

जाऊबाईंनी विचारलं, “कर्जबिर्ज नाही ना?”

“छे हो, नुसती सोय आहे.”

ओटीपी आला, तो त्यानंच पाहिला आणि त्यानंच टाकला.

ते कर्जच होतं, एका फायनान्स कंपनीचं, आमच्या नावावर. कंपनी वर्षाची रक्कम स्टुडिओच्या खात्यात एकरकमी टाकते आणि आपल्याकडून दरमहा वसूल करते. आपल्याला वाटतं फी महिन्याच्या महिन्याला जाते. स्टुडिओच्या हातात मात्र सगळे पैसे सुरुवातीलाच पडलेले असतात. त्यापुढचा प्रत्येक क्लास त्याला नुसता खर्च. सगळी गोम इथे आहे.

पगार मिळेना म्हणून तो पोरगा सोडून गेला. त्याच्या जागी गाणी मोठ्यानं लावणारा कुणीतरी आला. चाकावर दाबला जाणारा पॅड झिजला, नॉब दाबला तरी चाक फिरतंच. तक्रार केली की “सर्व्हिसवाला पुण्याहून निघालाय.” मग एक दिवस सायकली निम्म्याच उरल्या, त्या भाड्याच्या होत्या म्हणे. गणपतीच्या सुट्टीचा बोर्ड लागला तो उतरलाच नाही.

फायनान्स कंपनीचं उत्तर ठरलेलं: करार तुमच्याशी आहे, स्टुडिओचं तुम्ही बघा. रागानं हप्ता थांबवावा तर दंड लागतो आणि सिबिल स्कोअर घसरतो. जाऊबाईंना मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार व्हायचंय, त्या निमूट भरतायत.

ज्यांचं असं झालंय त्यांनी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका, आमच्याकडे मुख्य पुरावा तोच आहे.

आणि कऱ्हाडकरांनो, मोबाईल दुसऱ्याच्या हातात देऊ नका. कर्ज असेल तर त्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ यायलाच हवं. व्याज, खर्च, आणि दंड न भरता बाहेर पडायची मुदत त्यात लिहिलेली असते. ती मुदत फार थोडी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी वाचा. सायकलवर बसण्याआधी नॉब दाबून चाक जागच्या जागी थांबतं का बघा. सायकली कुणाच्या मालकीच्या, पैसे कुणाच्या नावावर जातात, हे विचारा. मग म्हणा, एकाच महिन्याचे घ्या, पुढचं पुढच्या महिन्यात बघू. साताऱ्यात याचं उत्तर मिळालं होतं, “महिन्याची स्कीमच नाही, ताई.”